समुद्रातला बांध

शेताच्या बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात गेल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक गावात आहेत. मोजणीदार येतो, खुणा रोवतो, तरी पुढच्या पेरणीला कुणीतरी फाळ वीतभर आत घालतोच. समुद्रात तर दगडही रोवता येत नाही. नववीच्या वर्गात बंगालच्या उपसागराचा नकाशा दाखवताना एका मुलीने विचारले, "मॅडम, पाण्यावर रेघ कोण मारतं?" मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे गेले. ते अपुरे होते, हे घरी आल्यावर कळले.

समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार 1982 चा आहे. त्यानुसार किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांचा समुद्र त्या देशाच्या मालकीचा असतो. पुढे 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 370 किलोमीटरपर्यंत, मासळीवर आणि तळाखालच्या तेल-वायूवर त्या देशाचा हक्क चालतो. मुंबई हायचे तेल आपण काढतो ते याच पट्ट्यातून. पण शेजाऱ्यांचे पट्टे एकमेकांवर चढले की भांडण सुरू होते.

बांगलादेशचे दुखणे वेगळेच होते. त्याचा किनारा आत वळलेला आहे. पश्चिमेला भारत, पूर्वेला म्यानमार. दोघांचेही म्हणणे, दोन्ही किनाऱ्यांपासून समान अंतरावर रेघ मारा. ऐकायला किती न्याय्य! पण तीन भावांची घरे एकाच अंगणाभोवती असावीत आणि मधल्याचे घर कोपऱ्यात आत दबलेले असावे, तसे हे आहे. दोन्ही बाजूंच्या रेघा तिरक्या येऊन त्याच्या दारापुढेच एकमेकींना मिळतात. मधल्याच्या वाट्याला एक त्रिकोण उरतो आणि खुल्या समुद्राची वाट बंद होते. जर्मनीची हीच अडचण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1969 मध्ये मान्य केली होती.

म्यानमारच्या राखाईन किनाऱ्याजवळ 2004 मध्ये 'श्वे' हा मोठा वायूसाठा सापडला आणि रेघेला किंमत आली. नोव्हेंबर 2008 मध्ये वादग्रस्त पाण्यात म्यानमारच्या वतीने एक कोरियन कंपनी विहीर खोदू लागली, सोबत नौदलाची जहाजे होती. बांगलादेशनेही युद्धनौका पाठवल्या. काही दिवस दोन्ही आरमारे समोरासमोर उभी राहिली, मग खोदकाम थांबले.

पुढच्याच वर्षी, 8 ऑक्टोबर 2009 रोजी, बांगलादेशने दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट मोठी वाटते. आपल्याहून कितीतरी मोठ्या शेजाऱ्याला कोर्टात खेचायला हिंमत लागते.

म्यानमारच्या खटल्याचा निकाल हॅम्बुर्गच्या समुद्रविषयक न्यायाधिकरणाने 14 मार्च 2012 रोजी दिला. सीमा आखण्याचा हा त्याचा पहिलाच निकाल. किनारा आत वळलेला असल्याने समान अंतराची रेघ वाकवावी लागेल, हे त्याने मानले. मात्र सेंट मार्टिन बेटाच्या जोरावर 12 मैलांपलीकडे जास्त समुद्र मागण्याची बांगलादेशची मागणी फेटाळली.

भारताबरोबरच्या वादाचा निकाल पाच जणांच्या लवादाने 7 जुलै 2014 रोजी दिला. वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 बांगलादेशला मिळाले. लवादातील भारतीय सदस्य पी. एस. राव यांनी काही मुद्द्यांवर वेगळे मत नोंदवले, पण भारत सरकारने निकाल स्वीकारला. दोन्ही देशांना शोभेल असेच ते झाले.

या वादात एका बेटाची कहाणी फार बोलकी आहे. 1970 च्या महाचक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाशी गाळाचे एक बेट वर आले. आपण त्याला न्यू मूर म्हणायचो, ते दक्षिण तालपट्टी म्हणायचे. 1981 मध्ये भारताने तिथे झेंडाही लावला. 2010 पर्यंत बेटच पाण्याखाली गेले! ती जागा निकालात भारताकडे आली. पण तिथे आता फक्त पाणी आहे.

मग बांगलादेशच्या चुलींना वायू मिळाला का? तिथल्या शहरांत कित्येक घरांचा स्वयंपाक नळाच्या गॅसवर होतो, वीज आणि कापडाचे कारखानेही त्यावरच चालतात. समुद्रातले त्यांचे एकमेव चालू क्षेत्र, सांगू, 2013 मध्ये आटले. त्याच वर्षी श्वेचा वायू नळाने चीनला जाऊ लागला. 2018 पासून बांगलादेश महेशखालीजवळच्या तरंगत्या टर्मिनलवर परदेशी द्रवरूप वायू उतरवून घेतो. 2022 मध्ये जगात भाव भडकले, तेव्हा तातडीची खरेदी थांबवावी लागली आणि घरोघरी भारनियमन आले. खोल समुद्रात विहीर खोदणे प्रचंड खर्चाचे, आणि वायू लागेलच याची खात्री नाही. ज्या परदेशी कंपन्या आल्या, त्यांतल्या काही मध्येच निघून गेल्या. 2024 मध्ये सरकारने समुद्रातील 24 गटांसाठी निविदा मागवल्या. काही कंपन्यांनी कागदपत्रे विकत घेतली, पण मुदत संपली तेव्हा एकही निविदा आलेली नव्हती.