‘ऑपरेशन’ कोणी करून घ्यावे?

आपल्या सीमाभागात घर मराठी असो वा कन्नड, एखाद्या बाईविषयी ‘तिचं ऑपरेशन झालंय’ एवढे म्हटले की पुरते. कसले, हे कोणी विचारीत नाही. अपेंडिक्सचे किंवा डोळ्याचे असेल तर तसे फोडून सांगावे लागते. नुसते ‘ऑपरेशन’ म्हणजे कुटुंबनियोजनाचेच. पुरुषाच्या बाबतीत मात्र या शब्दाचा असा अर्थ कोणी घेत नाही. जणू हे काम बाईचेच, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत शास्त्राला धरून आहे काय, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

संततिनियमनाची साधने दोन प्रकारची. निरोध, गोळ्या, तांबी ही तात्पुरती साधने; पहिले मूल लांबवायचे किंवा दोन मुलांत अंतर ठेवायचे असेल तर ती वापरावीत. ज्यांना यापुढे मूल नको हे पक्के ठरले आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया. नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिच्या यशाची खात्री देता येत नाही. म्हणून नसबंदी ही कायमचीच समजून करावी.

स्त्रीच्या शरीरात बीजकोशातून निघालेले बीज दोन बीजवाहिन्यांतून गर्भाशयाकडे येते. शस्त्रक्रियेत या वाहिन्या बांधून कापतात किंवा त्यांवर बारीक कडे बसवतात. त्या पोटाच्या आत असल्यामुळे पोटाला छेद द्यावाच लागतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तो छेद लहान झाला, टळला मात्र नाही.

पुरुषाच्या शुक्रवाहिन्या अंडकोशाच्या कातडीखालीच हाताला लागतात. तेवढ्याच भागाला भूल देऊन काही मिनिटांत त्या बांधता येतात. 1974 साली चीनमधील डॉ. ली शुनचियांग यांनी सुरीऐवजी टोकदार चिमट्याने एकच लहान छिद्र पाडण्याची पद्धत काढली. तीत टाकाही घालावा लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन्ही शस्त्रक्रिया खात्रीच्या असल्या, तरी पुरुषाची अधिक सोपी व कमी धोक्याची आहे, हे वैद्यकशास्त्राला मान्य आहे.

मग पुरुष मागे का सरतात? पहिले कारण भीती. ‘अंगातली ताकद जाते, पुरुषत्व जाते, शेतात राबता येत नाही’ असे सर्रास बोलले जाते. वस्तुतः पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळते. त्याचा शुक्रवाहिनीशी संबंध नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असल्याने त्यातही जाणवण्याजोगा फरक पडत नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते. वाहिनीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात. म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यावी. हे न पाळल्याने दिवस गेले, तर संशयाचे बोट विनाकारण पत्नीकडे वळते.

दुसरे कारण इतिहासात आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. 1930 साली म्हैसूर संस्थानाने सरकारी केंद्रे उघडली. 1952 मध्ये भारत सरकारने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. 1971 साली केरळात एर्नाकुलम येथे भरलेल्या एका शिबिरात सुमारे 63 हजार पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे पुरुष पुढे येतच नव्हते, असे नाही. पण आणीबाणीत इष्टांक पुरा करण्यासाठी सक्ती झाली. 1976-77 या एका वर्षात 82 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे 62 लाख पुरुषांच्या होत्या. लोक इतके बिथरले की ‘नसबंदी’ हा शब्दच शिवीसारखा झाला. 1977 नंतर कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि त्याचा भार पुरुषांवरून उचलून स्त्रियांवर ठेवला गेला.

हा भार हलका नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या दिवसांतील तेथील शिबिरांनंतर 13 स्त्रिया दगावल्या. पुढे 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. दोष शस्त्रक्रियेचा नव्हता. माणसांची गणती करून ती उरकण्याचा होता.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची झालेली केवळ 0.3 टक्के. एका पुरुषामागे शंभरांहून अधिक स्त्रिया! बाळंतपण बाईने सोसायचे आणि ते थांबवण्याचे दुखणेही तिनेच काढायचे, असा हा हिशेब आहे.

नियमाप्रमाणे शस्त्रक्रियेपूर्वी सर्व साधनांची माहिती मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. संमती ज्याची शस्त्रक्रिया त्याचीच लागते. जोडीदाराच्या सहीची गरज नाही. हे ठाऊक नसल्याने ‘मालकांची सही आणा’ म्हटले की बाई परत फिरते.

आपण शिकलेली मुले-मुली उद्या संसारात पडू. तेव्हा हा निर्णय सासूने, दायीने किंवा दवाखान्याने परस्पर घेऊ नये. तो दोघांनी बसून घ्यावा. शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर ‘तुझं कधी?’ असे पत्नीला विचारण्याआधी ‘माझं का नको?’ हा प्रश्न पतीने स्वतःला विचारावा.