बारावी झाली की पोलीस भरतीचं दार उघडतं

तायांनो, लेकीची शाळा दहावीवर थांबवायचा विचार असेल, तर आधी हा हिशोब बघा. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. मूळ पगार २१,७०० रुपयांपासून, भत्ते वेगळे. पदवी घेऊन एमपीएससीतून फौजदार झाली, तर ३८,६०० पासून. म्हणजे पदवीपर्यंत शिकवलं, तर सुरुवातीलाच महिन्याला १६,९०० रुपये जास्त.

भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. शिपायासाठी मुलीची उंची १५५ सेंमी हवी. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. लेखी परीक्षा १०० गुणांची. धावायचा सराव गावच्या रस्त्यावर पहाटे होतो, त्याला फी नाही. पण शाळाच सुटली, तर दोन्ही दारं बंद. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या गटात कुणाची लेक यंदा दहावीला आहे?