विश्वस्तांची घडण : व्यवसाय आणि स्वयंसेवा

सार्वजनिक न्यासांचा कारभार : लेखांक पाचवा

विश्वस्त मंडळाच्या अधिकारांचा विचार मागील लेखांकात झाला. ते अधिकार वापरणारी माणसे कोणत्या व्यवसायांतून आणि कोणत्या सामाजिक कामांतून आलेली असावीत, हा त्याला लागूनच येणारा प्रश्न आहे. महाराष्ट्रातील न्यासांवर धर्मादाय आयुक्त ज्या कायद्याच्या आधारे देखरेख ठेवतात, त्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने विश्वस्तपदासाठी कोणतीही पदवी वा व्यवसाय आवश्यक ठरवलेला नाही. सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःचा पैसा आणि मालमत्ता ज्या काळजीने सांभाळतो, त्याच काळजीने विश्वस्ताने न्यासाचा व्यवहार पाहावा, एवढीच अपेक्षा कलम 36-अ मध्ये आहे. अपेक्षा साधी दिसली तरी ती पुरी करताना व्यावसायिक ज्ञानाची गरज पदोपदी भासते.

न्यासाचा ताळेबंद ज्या नमुन्यात द्यावा लागतो, ते परिशिष्ट आठ याची साक्ष देते. त्यात कायम निधी, म्हणजे ज्याचे मुद्दल राखून केवळ उत्पन्न वापरायचे तो निधी, आणि विशिष्ट कामासाठी नेमून दिलेले निधी वेगवेगळे दाखवावे लागतात. मुलींच्या वसतिगृहासाठी आलेली देणगी वर्षअखेरीस कर्मचाऱ्यांच्या पगारात खर्ची पडली, तर बँकेतील शिल्लक पाहून ते उमगत नाही. निधीच्या रकान्यातील आकडा मागील वर्षाच्या आकड्याशी ताडून पाहणारा विश्वस्तच त्याबद्दल प्रश्न विचारू शकतो. अशा वेळी मंडळात एखादा सनदी लेखापाल असणे फार मोलाचे ठरते. मात्र कलम 33 नुसार न्यासाशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला त्याच न्यासाचे लेखापरीक्षण करता येत नाही, त्यामुळे लेखापाल विश्वस्ताचे ज्ञान मंडळाच्या बैठकीत उपयोगी पडते आणि तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडेच राहते. वकिलाचा उपयोग मुख्यतः स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांत होतो, कारण जमीन वा इमारत विकण्यापूर्वी कलम 36 खाली आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. बांधकाम व्यावसायिक विश्वस्ताचा अनुभवही मोलाचा असतो, परंतु संस्थेच्या इमारतीचे कंत्राट त्याच्याच पेढीला मिळू लागले, तर विश्वस्तपदातून स्वतःचा लाभ साधू नये, या विश्वस्त व्यवस्थेच्या मूळ तत्त्वालाच बाध येतो.

व्यवसाय आणि सेवाकार्य यांचे नाते किती अनपेक्षित असू शकते, हे विदर्भातील कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 साली मनोहर दिवाण यांनी काम सुरू केले, ते गांधीविचाराच्या कार्यकर्त्याच्या निष्ठेने. अमरावतीचे तपोवन 1946 साली उभारणारे शिवाजीराव पटवर्धन होमिओपॅथीचे डॉक्टर होते. आणि 1949 साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापणारे बाबा आमटे वकिली करत असत. बाबा आमटे यांनी कुष्ठरोगाविषयी औपचारिक शिक्षण घेतले ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये. आपल्या मूळ व्यवसायाला जे साधत नाही ते शिकून घेण्याची ही तयारी कोणत्याही पदवीइतकीच महत्त्वाची होती. वरोऱ्यात नगरपालिकेचे पद सांभाळत असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहण्याचे कामही केले होते, आणि त्या काळातच कुष्ठरोगाने जर्जर झालेल्या एका माणसाच्या दर्शनाने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले. वकिली आणि हे अंगमेहनतीचे काम यांपैकी एकच बाजू पाहिली, तर या समितीच्या आनंदवन या वसाहतीची उभारणी समजत नाही.

अनेक संस्थांच्या वार्षिक अहवालांत विश्वस्तांचा परिचय मात्र ‘निवृत्त न्यायाधीश’, ‘उद्योजक’, ‘ज्येष्ठ शल्यचिकित्सक’ अशा एकाच शब्दावर आटोपतो. निवृत्त शिक्षिकेने वीस वर्षे दर रविवारी वस्तीतील मुलांना शिकवले असले किंवा गावच्या तरुणाने दुष्काळात चारा छावणीचा हिशेब ठेवला असला, तरी त्याची नोंद क्वचितच सापडते. ही उणीव गंभीर आहे. ज्यांच्यासाठी न्यास स्थापन झाला, त्या माणसांच्या घरी जाऊन आलेला विश्वस्त मंडळात नसेल, तर कोणत्या खर्चाला कात्री लावायची, याचा निर्णय केवळ कागदावरून होतो, आणि बस भाड्याची मदत बंद केल्यावर रुग्ण उपचार अर्धवट का सोडतात, हे अहवाल छापून झाल्यानंतरच कळते. महारोगी सेवा समितीच्याच सोमनाथ येथील प्रकल्पावर तरुणांसाठी भरणाऱ्या श्रमसंस्कार छावण्यांसारख्या उपक्रमांतून येणारे तरुण म्हणूनच संस्थांना केवळ हंगामी मदतीपुरते उपयोगी नसतात. त्यांच्यातून पुढचे विश्वस्त घडू शकतात, पण त्यासाठी त्यांना हिशेबाच्या बैठकीत वेळीच बसवावे लागते.

विश्वस्त बदलल्यावर कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा लागतो. त्यासाठी ठराव करताना मंडळाने नव्या विश्वस्ताचा व्यवसाय, त्याने संस्थेत वा अन्यत्र प्रत्यक्ष केलेले काम आणि संस्थेशी त्याचा काही आर्थिक संबंध असल्यास तो, या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून ठेवाव्यात. कायद्याने तसे बंधन घातलेले नसले, तरी देणगीदार आणि लाभार्थी दोघांनाही ही माहिती मिळण्याचा हक्क आहे.