शाळेतील वस्त्रविद्या

छाणीच्या एखाद्या घरात माध्यमिक शाळेतील मुलीने "मी वस्त्रविद्या हा विषय घेऊ का?" असे विचारले, तर किती आईबाप आनंदाने होकार देतील? "शिवणकाम घरीही शिकता येते, त्याला शाळा कशाला?" हेच उत्तर बहुधा तिला मिळेल. पालकहो, या उत्तराने त्या विषयावर अन्याय होतो, आणि मुलीवरही.

शिवण ही या विद्येची शेवटची पायरी होय. पहिली पायरी धागा. चिंधीतून धागा ओढून, तो चिमट्यात धरून शिक्षकांच्या देखत ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख उरते, रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास सुटतो, तर नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी बनतो. हे रसायनशास्त्रच नव्हे काय? भिंगाखाली एका इंचातील उभे-आडवे धागे मोजू लागताच गणित सुरू होते. तुरटीच्या योगाने मंजिष्ठेचा लाल रंग सुतावर का टिकतो, हिरड्याला लोहाची जोड मिळताच काळा का उमटतो, हे ज्या मुलीने स्वतः करून पाहिले, ती ते परीक्षेनंतरही विसरत नाही.

नक्षीकामाचेही तसेच आहे. एक फूल चौकटींच्या कागदावर काढून ते पुनःपुन्हा असे मांडायचे की जोड कोठेही दिसू नये. यात भूमिती आणि संयम दोन्ही लागतात. पाटणच्या पटोळ्यात तर ताणा आणि बाणा, दोन्हींचे धागे विणण्यापूर्वीच बांधून रंगवतात. मागावर ते नेमके जुळले तरच आकृती रेखीव उमटते. हे कौशल्य कमी बुद्धीचे, असे कोण म्हणेल?

छाणीकरांना तर या शिक्षणासाठी दूर जावयास नको. १९६२ साली स्थापन झालेला गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा कारखाना जवळच आहे. खताप्रमाणेच तेथे कॅप्रोलॅक्टम हे रसायन आणि त्यापासून होणारे नायलॉन-६ तयार होते. शहरात १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन स्थापिले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली तेथे रंगकाम व विणकाम हे विषय शास्त्राच्या जोडीने शिकविले गेले. पुढे हीच संस्था १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाली. आजही तेथे वस्त्र-अभियांत्रिकी शिकविली जाते. अहमदाबादेत १९६१ पासून राष्ट्रीय रचना संस्था आहे, आणि तेथेही वस्त्ररचनेचा अभ्यासक्रम आहे. शाळेत लागलेली गोडी पुढे नेण्याच्या वाटा अशा घरापासून जवळच आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. त्या दिवसांत त्यांनी स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असा हेतू आहे. ते दिवस सहलीत न घालविता एखाद्या विणकराच्या मागापाशी घालवावेत.

अंगावरचे वस्त्र किती हातांतून आले हे ज्या मुलाला कळले, तो विणकराला कमी लेखणार नाही, आणि स्वतःच्या हातांनाही नाही. म्हणून मुलीने तो प्रश्न विचारला, तर नकार देण्यापूर्वी घरातील एक जुनी साडी तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "हिच्याविषयी काय सांगशील?" तिचे उत्तर ऐकून मगच निर्णय घ्या.