जुन्या नळीचा दाणा आणि पेटंटचं कलम

गंगाखेडच्या शिवारात ठिबकच्या काळ्या नळ्या चाळिशीपार उन्हात महिनोन्‌महिने पडून असतात. काही हंगामांनंतर नळी वाकवली की जागच्या जागी तडकते. मग ती भंगारात जाते, वितळते आणि दाणा होऊन पुन्हा बाजारात येते. पण हा दाणा कोऱ्या मालाइतका चिवट नसतो.

कारण रसायनात आहे. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या माऱ्याने पॉलिथिलीनच्या लांब साखळ्यांवर हायड्रोपेरॉक्साइड साठतात. यंत्रात माल पुन्हा तापला की ते फुटतात आणि साखळ्या तुटतात, नाहीतर एकमेकींत अडकतात. नव्या नळीत घातलेलं अँटिऑक्सिडंट तोवर बरंचसं खर्ची पडलेलं असतं. म्हणून पुनर्वापराच्या वेळी फिनॉलिक अँटिऑक्सिडंट आणि फॉस्फाइट यांची जोडी पुन्हा घालतात. यांनाच स्टॅबिलायझर म्हणतात.

अशा मिश्रणावर कुणाला पेटंट मिळू शकतं का?

2005 उजाडेपर्यंत भारतात रासायनिक पदार्थावर पेटंट मिळतच नसे. मिळे ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर. आता पदार्थावरही मिळतं, पण वाटेत पेटंट कायद्याची दोन कलमं उभी आहेत. माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग किंवा परिणामकारकता न वाढवणारं नवं रूप सापडलं, तर कलम 3(डी) आड येतं. म्हणजे जुनंच अँटिऑक्सिडंट भंगार प्लॅस्टिकला चालतं, एवढ्यावर हक्क सांगता येत नाही. दोन पदार्थ नुसते एकत्र केले, तर 3(ई).

3(डी)ची मोठी परीक्षा कर्करोगावरच्या ग्लिवेक औषधाच्या खटल्यात झाली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. परिणामकारकता कशाला म्हणायचं, हे वस्तूचं काम काय यावर ठरतं, हेही न्यायालयाने सांगितलं. विशेष म्हणजे, नोव्हार्टिस ज्या सिबा-गायगीतून जन्मली, तीच कंपनी इरगॅनॉक्स हे प्रसिद्ध अँटिऑक्सिडंट बनवत असे. ते बनवणारा रसायन विभाग 1997 मध्ये वेगळा झाला आणि 2009 मध्ये बीएएसएफकडे गेला.

मग पेटंट मिळवायचं कसं? पुराव्याने. तोच दाणा यंत्रातून पाच वेळा काढायचा, दरवेळी वितळलेल्या मालाचा प्रवाह मोजायचा; पट्ट्या यूव्ही दिव्याखाली ठेवून त्या किती ताणल्या जातात ते पाहायचं. पहिला पदार्थ एकटा, दुसरा एकटा, मग दोन्ही मिळून. जोडीचा परिणाम दोघांच्या बेरजेहून ठळकपणे जास्त निघाला, तरच 3(ई)ची अडचण दूर होते. शिवाय ही जोडी या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी.

ही कडक चाळणी योग्यच आहे. 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कडक प्लॅस्टिक वेष्टनांत पुनर्वापरित मालाचं प्रमाण 2025-26 मध्ये 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के व्हायचं आहे. मागणी वाढत असताना सर्वज्ञात रसायनांवर कुणी कुलूप लावलं, तर छोटा दाणेवाला आधी मरेल. तसा अर्ज दिसला, तर पेटंट मंजूर होण्याआधी कलम 25(1) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो.

आणि ज्याच्या हाती खरोखर नवं सूत्र आहे, त्याने ते प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1,600 रुपये आहे. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात.