फ्यूजच्या जागी तार : गाडीतल्या अँप्लिफायरचा दोष कोठे शोधावा?

इचलकरंजीहून चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे भरून कुरुंदवाडला परतत होतो, तेव्हा व्हॅनमध्ये रबर जळाल्याचा वास आला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि पान्याने बॅटरीची मायनस केबल सोडवली. बॅटरीपासून मागे अँप्लिफायरकडे जाणारी लाल वायर हाताला चटका देत होती. ती ज्या गठ्ठ्याखालून गेली होती त्यातल्या दोन चादरींवर तपकिरी पट्टा उमटला होता. दोन चादरींवर निभावले. आणखी दहा मिनिटे उशीर झाला असता तर हंगामाचा माल आणि गाडी दोन्ही गेली असती.

आठवडी बाजारात पाल मांडणाऱ्यांपैकी बरेच जण आता गाडीत अँप्लिफायर ठेवतात. भाव एकदा बोलून पेनड्राइव्हवर भरून घेतला की दिवसभर घसा बसत नाही. (ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.) यंत्र बंद पडले की आपण दोनच गोष्टी करतो. एक तर नवे घेतो, नाही तर कोणाकडून तरी तात्पुरता इलाज करून घेतो. मी दुसरे केले होते.

आधीचे दोन आठवडे बॅटरीजवळचा फ्यूज अधूनमधून उडत होता. जवळच्या शहरातल्या एका दुकानदाराने अँप्लिफायरचे झाकण उघडले, वास घेतला आणि सांगितले, "बोर्ड गेला, नवा घ्या." पैसे मोजायची तयारी नव्हती म्हणून बाहेर आलो. पुढे बाजारात पुन्हा फ्यूज उडाला, तेव्हा एका ओळखीच्या ड्रायव्हरने त्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसवले. तो तार बसवत होता आणि मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो, त्यामुळे दोष त्याच्या एकट्याचा नाही.

पॉवरलूमच्या गावाशेजारी राहणाऱ्याला तरी ही चूक शोभत नाही. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. माग सारखा थांबतो म्हणून थांबवणारी कळच बांधून ठेवली, तर माग चालेल. पण पुढे जे निघेल त्याला कापड म्हणता येणार नाही. फ्यूजचे काम तेच. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः वायरीसाठी असतो. गाडीच्या बॅटरीतून शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो, आणि तो थांबवायला वाटेत दुसरे कोणी नसते. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून सुमारे दीड फुटाच्या आत आणि वायरीच्या जाडीला झेपेल एवढ्याच अँपिअरचा हवा. तीसचा उडतो म्हणून साठचा घालणे हीसुद्धा तारेचीच धाकटी बहीण.

शेवटी कुरुंदवाडमधल्याच एका तरुण कारागिराकडे गेलो. त्याने झाकण उघडले नाही. विचारले, "चाचा, फ्यूज कोणता उडत होता? बॅटरीजवळचा का अँप्लिफायरच्या अंगावरचा?" मी म्हणालो, बॅटरीजवळचा. "आणि उभ्या गाडीत का चालत्या?" आठवून पाहिले तर दरवेळी खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गाडी आदळल्यावरच उडाला होता. हे त्या दुकानदाराने विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.

त्याने पॉवरची वायर अँप्लिफायरपासून सोडवली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्टचा, २१ वॉटचा बल्ब जोडला. आता वायरीच्या टोकाला काहीच नव्हते, म्हणजे बल्ब लागायला नको. तो लागला नाही. मग त्याने वायर हाताने हलवत हलवत तपासत नेली. जिथे ती पत्र्याच्या भोकातून मागे जाते तिथे हलवताच बल्ब भगकन पेटला. भोकाला रबरी कडे बसवलेले नव्हते. पत्र्याच्या धारेने वायरीचे आवरण घासले होते आणि धक्का बसला की तांबे बॉडीला टेकत होते. अँप्लिफायर निर्दोष होता, आणि त्यालाच आम्ही बाद करायला निघालो होतो.

बल्बची ही युक्ती प्रत्येक गाडीवाल्याने शिकून घ्यावी. शॉर्ट असला तरी बल्बामुळे दोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत.

नवी वायर ओढल्यावर यंत्र सुरू झाले, पण डावी बाजू मुकी. त्याने अँप्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या आवाजाच्या पिना आपसात बदलल्या. मुकेपणा उजवीकडे गेला असता तर दोष टेपमध्ये किंवा पिनेच्या वायरीत. तो डावीकडेच राहिला. मग स्पीकरच्या वायरी बदलल्या, तरी मुका स्पीकर मुकाच. मीटर लावला. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर तीन-साडेतीन ओहम दाखवतो. याने काहीच दाखवले नाही, कारण स्पीकरच्या पायथ्याशी वायर तुटलेली होती. एक डाग देऊन काम झाले.

यंत्र अजिबात सुरू होत नसेल तर तीन ठिकाणी मीटर लावावा. पॉवरच्या टोकावर बॅटरीइतके, म्हणजे साडेबाराच्या आसपास, व्होल्ट हवेत. टेप सुरू केल्यावर रिमोटच्या बारीक वायरीवर, जी बहुधा निळ्या-पांढऱ्या रंगाची असते, बारा व्होल्ट हवेत. ती निसटलेली असेल तर अँप्लिफायर झोपलेलाच राहतो. तिसरी जागा अर्थिंग, आणि निम्मे रोग तिथेच असतात. रंगावर किंवा गंजावर आवळलेला स्क्रू अर्थिंग देत नाही. पत्रा घासून चकचकीत करावा लागतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सूंऽऽ असा आवाज येत असेल तरी आधी अर्थिंग पाहावे, नंतर आवाजाची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून गेली आहे का ते. प्रोटेक्टचा लाल दिवा लागत असेल तर स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवून पुन्हा सुरू करावे. दिवा गेला तर दोष बाहेर आहे. राहिला तर मात्र झाकण उघडायला हवे.

आतला कारभार वेगळा आहे. बॅटरीच्या बारा व्होल्टवर मोठा आवाज निघत नाही, म्हणून आत मॉसफेट नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन एका गोल ट्रान्सफॉर्मरमधून व्होल्टेज वाढवतात. टीएल ४९४ ही चिप पुष्कळ अँप्लिफायरमध्ये त्यांना हुकूम देते. फ्यूज घालताक्षणी उडत असेल तर हे मॉसफेट किंवा आवाजाचे ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले असतात; बॅटरी उलटी जोडली गेली असेल तर संरक्षक डायोडही. एक मॉसफेट गेला तर त्याच्या रांगेतले सगळे एकाच नंबरचे बदलावेत आणि त्यांना हुकूम पोचवणारे छोटे रेझिस्टरही तपासावेत, नाहीतर नवे भाग दिवसभरात जातात. खाली अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पांढरी पेस्ट विसरू नये. पहिल्यांदा सुरू करताना पुन्हा तोच बल्ब लावायचा. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. उजळच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. आयआरएफझेड ४४ सारखे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण बाजारात बनावट मालही आहे. आपल्याकडे सुताचा काउंट पाहतात तसा तिथे माल पारखूनच घ्यावा लागतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला पाण्याची सवय लावली आहे, तरी पाणी ओसरल्यावर "चालतोय का बघू" म्हणून बटण दाबायचा मोह सुटत नाही. पाण्याने यंत्र मरतेच असे नाही. ओल असताना वीज दिली की मात्र बोर्ड जळतो. बॅटरी सोडवावी, बोर्ड काढून गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावा आणि पायांवर हिरवा गंज आहे का ते पाहावे. नुकत्याच चाललेल्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तिथे बोट घालू नये.

खर्चाचे सांगायचे तर वायर, फ्यूजचा होल्डर, रबरी कडे आणि मजुरी मिळून नव्या अँप्लिफायरच्या सहाव्या हिश्श्यात माझे भागले. मजुरी त्याने फारच कमी लावली. मीच वाढवून दिली, कारण त्याने दोष शोधायला दोन तास घातले होते आणि बिलात डागाचेच पैसे धरले होते. शोधण्याची मजुरी मागायला आपले कारागीर लाजतात आणि गिऱ्हाईकही ती द्यायला कुरकुरते. म्हणूनच "बोर्ड गेला" म्हणणे दुकानदाराला परवडते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ज्या घरातला मुलगा जुने रेडिओ उघडत बसतो त्या घराने त्याची चौकशी करावी.

जाताना त्याने अँप्लिफायर गठ्ठ्यांखालून काढून सीटच्या पाठीमागे उभा बसवला. त्याचे पंख्यासारखे ॲल्युमिनियमचे अंग उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असते, आणि मी त्यावर वर्षभर चादरी रचत होतो. आता त्याच्या चारी बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवतो. गाडीत एक गठ्ठा कमी बसतो.