चार इयत्ता, दोन शिक्षक

वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचं गणित आधी मांडू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक हवेत आणि पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास शिकवणं व्हायला हवं, असं तो सांगतो. म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षकांचे मिळून आठ. पहिली ते चौथीच्या शाळेत हे आठ तास चार इयत्तांत वाटायचे तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे दोन तास येतात. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास सगळं त्यातच. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद आली, एक जण मतदार याद्यांच्या कामाला गेला किंवा बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईंच्या जागी कुणी आलंच नाही, की दोनाचा एक तास होतो.

उरलेल्या वेळात मूल काय करतं, यावर लहान शाळेची सगळी शैक्षणिक प्रगती ठरते. शिक्षक किती छान शिकवतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेले असताना या इयत्तेत काय चाललंय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे, आणि शाळेबद्दल बोलताना तो क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचं जुनं उत्तर सगळ्यांच्या परिचयाचं आहे. तिसरीला धडा उतरवून काढायला सांगायचं, चौथीला पाढे लिहायला लावायचं आणि पहिलीला पाटीवर अक्षरं गिरवायला द्यायची. वर्ग शांत राहतो, वह्या भरतात, अक्षरही सुधारतं. पण वाचता न येणारं मूलसुद्धा धडा बिनचूक उतरवून काढू शकतं. चित्र काढावं तसं ते अक्षर काढतं. ‘असर’ची पाहणी २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना एक साधा मजकूर वाचायला देते. २०२४ च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. करोनानंतरची ही सुधारणा खरी आहे आणि तिचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवं. तरीही चारातल्या तीन मुलांसमोर रोज एक असं पुस्तक उघडलं जातं, जे त्यांना वाचताच येत नाही.

इथे लहान शाळेला एक सोय आहे, ती मोठ्या शाळेला नाही. चारही इयत्ता एकाच छताखाली, बऱ्याचदा एकाच खोलीत असल्यामुळे इयत्तेची भिंत बाजूला ठेवणं सोपं जातं. मुलांचे गट वयावरून न करता त्यांना काय येतं यावरून करायचे. नुकती अक्षरं ओळखू लागलेली एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, परिच्छेदापर्यंत पोहोचलेली एकत्र आणि सलग गोष्ट वाचणारी एकत्र. दिवसातला तासभर असा गटांचा, बाकी वेळ इयत्तेचा. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही रीत देशभर नेली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी तिचा परिणाम शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासला. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्यात ही तपासणीही होती. शहरातल्या तुकड्यांच्या शाळेत असे गट करायचे तर वेळापत्रक मोडावं लागतं. वाडीवरच्या शाळेत फक्त बसायच्या पट्ट्या फिरवाव्या लागतात.

पण गट केले म्हणून मुलं आपोआप वाचायला लागत नाहीत. अक्षरं कोणत्या क्रमाने द्यायची, हे ठरवावं लागतं. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरं पाठ करून घ्यायची आणि मग बाराखडीला हात घालायचा, या वाटेवर मूल पहिला अर्थपूर्ण शब्द वाचेपर्यंत कित्येक महिने निघून जातात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत अक्षरांचे छोटे गट आणि त्यांच्या जोडीनेच काना-वेलांटी देण्याची पद्धत रुजवली. म, क, र ही तीन अक्षरं आणि एक काना एवढंच हाताशी असलं तरी मामा, काका, मका, मार, कर, राम असे कितीतरी शब्द तयार होतात. मुलाला पहिल्या काही आठवड्यांतच कळतं की या खुणांमधून माणसं आणि वस्तू बाहेर येतात. एवढं कळलेलं मूल शिक्षक पाठमोरे असतानाही शब्दपट्ट्या जुळवत बसतं, कारण आता त्याला त्यात मजा येते.

गणितात हेच काम काड्या करतात. दहा काड्यांना रबर लावून एक गठ्ठा, म्हणजे एक दशक. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. मुलापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या आहेत. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते एका गठ्ठ्याचं रबर काढतं. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. त्यातून सात उचलल्या की पाच उरतात, दोन गठ्ठे उचलले की दोन उरतात. पंचवीस. ‘हातचा’ कुठून येतो आणि वरच्या पाचाचे चार का होतात, हे ज्याने स्वतःच्या बोटांनी रबर काढून पाहिलंय, त्याला पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. मराठीत बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना पाच आधी येतो, त्यामुळे कित्येक मुलं बावन्नाचे पंचवीस लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या ‘पन्नास दोन’ अशा वाचायला दिल्या, त्यामागे हीच अडचण होती. तेव्हा त्यावर वादळ उठलं. त्या वादात मुलांच्या अडचणीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी हा सगळा विचार फरशीवर उतरवला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या वर्गांमध्ये जमिनीवरच चौकटी, संख्यारेषा, अक्षरांची घरं रंगवली गेली. मुलं बाकांवरून खाली उतरली आणि फरशीवर बसून, उड्या मारून, वस्तू मांडून शिकू लागली. जून २०१५ मध्ये राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला, त्या सुमारास ठिकठिकाणचे शिक्षक गाड्या करून कुमठे पाहायला जात होते. पुढे अनेक गावांनी फरशा रंगवल्या. काही ठिकाणी रंग आले, पण त्यामागची रीत आली नाही. चौकटीवर उभं राहून मुलाने काय करायचं, हे शिक्षकाला ठाऊक नसेल तर ती फक्त सुंदर फरशी राहते. जिथे शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून ‘हा मुलगा कुठे अडलाय’ यावर बोलायची सवय लावून घेतली, तिथे बदल टिकला.

वस्तू हाताळत शिकण्याची ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसलीत, आणि दगड, बिया, पानं हेच शिकण्याचं साहित्य. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने आपली जागा आणि वेळ बदलावी, असं म्हणण्याचं धाडस त्या काळात या दोघींनी दाखवलं. आज एखाद्या शाळेत चिंचोके मोजत बसलेली मुलं दिसतात, त्यामागे कोसबाड आहे. ते चिंचोके वर्गात आणणाऱ्या शिक्षिकेला हे माहीत असो वा नसो.

मुलांनी मुलांना शिकवण्याचं अलीकडचं ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आहे. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट एकदा तीनवर आला होता. शाळा बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे बदलून आले, गावाने साथ दिली आणि शाळा उभी राहिली. तिथे ‘विषयमित्र’ अशी रीत आहे. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, मग शिकणारा वयाने मोठा असला तरी हरकत नाही. २०२५ मध्ये या शाळेला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या पुरस्कारांमध्ये लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा विषयमित्र मोलाचा वाटतो. चौथीतली मुलगी दुसरीतल्या मुलाला वजाबाकी समजावते, तेव्हा त्याला वजाबाकी येते आणि तिची पक्की होते. शिक्षकाचं एकही मिनिट खर्च होत नाही. सुरुवातीला मांडलेल्या आठ तासांच्या हिशेबात भर घालण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, तेही याच दिशेचं काम होतं. कवितेची चाल ऐकायला मुलाला शिक्षकाची वाट पाहावी लागू नये, मोबाइल धरला की ती ऐकू यावी. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा चर्चा रकमेचीच अधिक झाली.

आता उपक्रमांविषयी. वर्षभरात वाडीवरच्या शाळेत बरंच काही होतं. रोजचा परिपाठ, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, वृक्षदिंडी, बालबाजार, क्षेत्रभेट, स्नेहसंमेलन. शिवाय वरून येणारे सप्ताह आणि पंधरवडे. त्यांचे फोटो काढून लिंकवर भरायचे असतात, आणि त्या भरण्यातच शिक्षकाचा दिवस जातो. उपक्रम चांगला की वाईट हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो, असं मला वाटतं: काल जे येत नव्हतं, ते या उपक्रमामुळे कोणत्या मुलाला आलं?

या प्रश्नावर बालबाजार हमखास उतरतो. घरची मेथी, लिंबं, शेंगा, आईने करून दिलेले लाडू घेऊन मुलं ओळीने बसतात आणि अख्खा गाव खरेदीला येतो. पन्नासची नोट घेऊन अठरा रुपये कापून घ्यायचे आणि उरलेले परत द्यायचे, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. संध्याकाळी भांडवल किती, विक्री किती, नफा किती याचा तक्ता फळ्यावर येतो. तिसरीतल्या मुलासाठी हा नफा-तोट्याचा पहिला धडा असतो. परसबागही तशीच. पोषण आहाराच्या खिचडीत शाळेतल्याच वालाच्या शेंगा पडतात, हा तिचा एक फायदा. पण वेल दर सोमवारी पट्टीने मोजून भिंतीवरच्या कागदावर खूण करणाऱ्या मुलांना आलेख म्हणजे काय हे पुस्तकात येण्याआधी कळतं. परिपाठ मुलांनीच चालवला, बातम्या स्वतः वाचून स्वतःच्या शब्दांत सांगितल्या, तर बुजणारी मुलंही महिन्या-दोन महिन्यांत उभी राहून बोलू लागतात. तोच परिपाठ रोज त्याच दोन हुशार मुलींनी पाठ केलेल्या सुविचारावर चालला, तर बाकीच्यांसाठी ती नुसती रांग असते.

बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या कित्येक शाळांत दिवाळी सरली की वर्ग निम्मा होतो. आई-वडील ऊसतोडीला जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात. गावात आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृह सुरू झालं असेल तर काही मागे राहतात. गेलेलं मूल वर्ष संपत आल्यावर परततं, तेव्हा त्याची इयत्ता धडे आटोपून पुढे गेलेली असते. वर्ग इयत्तेनेच चालत असेल तर हे मूल कायमचं मागे पडतं. पातळीचे गट असतील तर ते जिथे थांबलं होतं, त्या गटात त्याच दिवशी बसू शकतं. त्यासाठी ते कुठे थांबलं होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असायला हवं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात अशा नोंदी अपेक्षितच आहेत. ‘अभ्यासात प्रगती समाधानकारक’ ही नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. ‘जोडाक्षरांना अडखळते, दोन अंकी बेरीज हातच्यासह येते’ ही नोंद पुढच्या शिक्षकाच्या हातात काम देते.

एवढं सगळं लहान शाळेत शक्य असताना लहान शाळा हीच अडचण मानली जाते. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये पुन्हा समूह शाळांचा, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र आणण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ यांची उदाहरणं देण्यात आली. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलं शिकत होती. चार-पाच मुलांच्या शाळेत खेळायलाही सोबती उरत नाहीत आणि गट पडत नाहीत, हे मान्यच केलं पाहिजे. पण वीस मुलांची शाळा आजारी नाही. वीस मुलं आणि दोन शिक्षक हे प्रमाण महागड्या शाळा जाहिरातीत छापतात. पावसाळ्यात ओढा आडवा येणाऱ्या वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला गाडीत बसवून पाच-सात किलोमीटरवर पाठवायचं, तर ती गाडी रोज येईल याची हमी आधी हवी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय, ते चालत जाणाऱ्या मुलाचाच विचार करून.

गावाच्या हातात काय आहे, हेही कायद्यात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया. तिच्या बैठका बहुतेक वेळा रंगकाम, कुंपण, संगणक यांवर होतात. हे सगळं लागतंच. पण चावडी वाचनाची चांगली प्रथा आपल्याकडे आहे. ग्रामसभेच्या दिवशी मुलं गावासमोर वाचतात, गणितं सोडवतात. ते नेहमीच्या चार हुशार मुलांपुरतं न ठेवता पटावरच्या प्रत्येक मुलाने वाचावं, पुस्तक ऐन वेळी पालकांनी निवडावं आणि अडखळलेल्या मुलाला कुणी हसू नये. जूनमध्ये एकदा आणि जानेवारीत एकदा. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कोणतं मूल कुठून कुठे गेलं ते आई-बापांनाही दिसेल. एक शिक्षक वर्षभर बाहेरच्या कामात अडकला असेल, तर त्या नोंदी घेऊन पंचायत समितीत जाऊन दुसरा शिक्षक मागता येईल.